पिळायचं नाही

यंत्राने माणसाला कष्टांतून मुक्त केलं आहे, यावर माझ्या वडिलांचा गाढ विश्वास होता. त्यांनी स्वतः जन्मात कधी कपडे धुतले नव्हते, त्यामुळे या विश्वासाला तडा जायचा प्रसंगच आला नव्हता.

आमच्या घरी वॉशिंग मशीन आलं ते मात्र या विश्वासामुळे नाही, आईच्या मनगटामुळे. नव्वदचं दशक तेव्हा अर्धं सरलं होतं. आम्ही सातपूरच्या एका कॉलनीत राहायचो. निम्मे लोक कारखान्यांत शिफ्टला जाणारे, निम्मे आमच्यासारखे मास्तर-कारकून. वडील एका हायस्कूलचे मुख्याध्यापक होते. मी एम.ए. होऊन घरी बसलो होतो. म्हणजे कुठल्याही कामाला उपलब्ध होतो आणि कुठलंही काम मला येत नव्हतं.

त्या थंडीत आई मोरीत घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हाड जरा तिरकंच जुळलेलं होतं. डॉक्टरांनी बजावलं, "पोळ्या लाटा, भाजी चिरा, काय हवं ते करा. पिळायचं मात्र नाही. हा हात परत दुखावला तर पोळ्यासुद्धा विसरा." आईने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने चादर पिळायला घेतली. तिचा आवाज ऐकून शेजारच्या काकू धावत आल्या. आठवड्याभरात मशीन आलं आणि मागच्या अंगणात नळाजवळ बसलं.

त्यात दोन भांडी होती. एकात कपडे धुतले जायचे, दुसरं गरागरा फिरून त्यातलं पाणी काढायचं. या दुसऱ्याला सगळी कॉलनी ड्रायर म्हणायची. वडिलांनी मशीनवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला आणि सोबत आलेली माहितीपुस्तिका उभ्याने वाचून दाखवली. नंतर आईने डाव्या हाताने शिवलेलं, झालर लावलेलं कव्हर मशीनला चढवण्यात आलं. मशीन वापरायची आई, पण त्याच्याबद्दल बोलायचे वडील. ही विभागणी आमच्या घरात जुनीच होती.

एप्रिलात एके दिवशी ड्रायर फिरेना. बटण फिरवलं की नुसता घुंऽऽ असा आवाज, आणि आतल्या कपड्यांखाली पाणी तसंच साचलेलं. वडील शाळेतून आल्यावर पुस्तिका उघडली गेली. तिच्यात शेवटी 'अडचणी आणि उपाय' असं प्रकरण होतं. पहिला उपाय होता वीज आहे का पाहणे. ती होती. दुसरा, झाकण नीट लावणे. ते लागलेलं होतं. तिसरा, कंपनीच्या अधिकृत प्रतिनिधीस बोलावणे.

वडिलांनी कोपऱ्यावरच्या बूथवरून फोन केला. प्रतिनिधी आठ दिवसांत येईल, असं उत्तर मिळालं. मग घरी येऊन त्यांनी चौकशी सुरू केली, शाळेत काच फुटल्यावर करायचे तशी.

"ड्रायरमध्ये कपड्यांव्यतिरिक्त काही घातलं गेलं होतं का?"

"कपडेच घालते मी," आई म्हणाली. "अजून काय घालणार?"

"मी कुणावर आरोप करत नाहीये. पण गैरवापर झाला असेल तर वॉरंटी मिळत नाही. इथे स्पष्ट लिहिलंय."

आई आत गेली. ड्रायरमध्ये भिजलेल्या दोन चादरी, वडिलांचे शर्ट, टॉवेल तसेच होते. मी म्हणालो, मी पिळतो. माझं पिळणं आईने पाहिलं. चादर दोरीवर टाकल्यावर तिच्यातून जी धार लागली ती खालच्या कुंडीतल्या तुळशीला चार दिवस पुरली असती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या अंगणात गेलो, तर आई बादलीतली दुसरी चादर काढून तिचं एक टोक नळाला गुंडाळून, दुसरं टोक दोन्ही हातांनी धरून पीळ घालत होती. ओठ दाताखाली धरलेला. मला पाहून तिने चादर सोडली आणि उजवा हात पदराखाली नेला.

"आठ दिवस कपडे पाण्यात ठेवू का मग?" ती म्हणाली. मी काहीच विचारलं नव्हतं.

मी सरळ शेजारी गेलो.

शेजारचे काका एका कारखान्यात मेंटेनन्सला फिटर होते. मूळचे कळवणकडचे. पहिली शिफ्ट करून नुकतेच आले होते, अजून कंपनीच्या कपड्यांतच होते. मी काय झालं ते सांगितलं. मशीनचं कमी, मनगटाचं जास्त. ते चहा अर्धा ठेवून उठले. येताना त्यांनी एक पाना, एक पक्कड आणि हातभर लांब स्क्रूड्रायव्हर आणला.

वडील तोवर घरी आले होते. त्यांनी पुस्तिका पुढे केली.

"ऱ्हाऊ द्या, सर. आधी मशीन काय म्हणतं ते ऐकू."

त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनच्या अंगाला लावलं, मूठ कानाला, आणि मला बटण फिरवायला सांगितलं. डोळे मिटून ऐकत राहिले. माझ्या सबंध एम.ए.त इतकं लक्षपूर्वक ऐकणारा माणूस मी पाहिला नव्हता, वर्गात किंवा व्यासपीठावर.

"मोटार चांगली हाय," ते म्हणाले. "फिरायला बघतीय बिचारी. पण पाण्यात अडकलीय. पाणी जात नाय म्हणून फिरत नाय. पाणी का जात नाय, एवढंच बघायचं."

चोवीस तास आम्ही ज्याला बिघाड म्हणत होतो त्याचा त्यांनी एका वाक्यात प्रश्न करून टाकला. मागचं झाकण उघडलं, खाली घमेलं सरकवलं आणि पाणी बाहेर नेणारा जाड रबरी पाइप सोडवला. पाणी आलं नाही. त्यांनी आत बोट घातलं, मग वाकवलेली तार. आणि एकदम भस्सकन पाणी आलं, त्याच्याबरोबर पांढुरका, घट्ट, चिकट असा गोळा. तो घमेल्यात पडला. मग आणखी एक.

वडील वाकून बघू लागले. "हे काय आहे?"

काकांनी त्यातला थोडा चिमटीत घेऊन चोळला. नाकाशी नेला. मग त्यांनी मान वर केली. अंगणातून आमची गच्ची दिसायची. एक टोक खाली लोंबत असलेलं जुनं धोतर गच्चीवर अंथरलेलं होतं आणि त्यावर बटाट्याचा कीस वाळत होता, उपासाच्या चिवड्यासाठी, वर्षभराचा. काकांनी गच्चीकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या आईकडे. आईने स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं.

आता मला कळलं. कीस उकळत्या पाण्यातून काढला की दाबून त्यातलं पाणी काढावं लागतं. दरवर्षी आई तो फडक्यात घालून पिळायची. या वर्षी पिळायचं नव्हतं. म्हणून तिने फडक्यासकट ड्रायरमध्ये टाकला होता. कीस छान कोरडा झाला, आणि त्याचा सगळा स्टार्च पाइपात जाऊन कांजीसारखा घट्ट बसला. हे सांगण्यापेक्षा तिने नळाला चादर गुंडाळणं पत्करलं होतं.

काका वडिलांकडे वळले.

"सर, पाणी जड हाय तुमचं."

"जड?"

"क्षार. साबणाची पावडर अन् क्षार यांचा असा गोळा होतो."

वडिलांचा चेहरा उजळला. "मी म्हणतच होतो!" ते म्हणाले. ते तसं कधीच म्हणाले नव्हते. "म्हणजे दोष पाण्याचा आहे. वापरणाऱ्याचा नाही."

"वापरणाऱ्याचा अजिबात नाय," काका म्हणाले.

वडील पुस्तिकेत 'क्षार' शोधायला आत गेले. काकांनी पाइप धुतला, परत बसवला, क्लिप आवळली. मग आवाज खाली आणून, पान्यावरचं पाणी पुसत ते म्हणाले, "वहिनी, पुढच्या टायमाला कीस दुहेरी फडक्यात बांधा. अन् काढल्यावर दोन बादल्या गरम पाणी सोडा आतून. लय भारी आयडिया हाय तुमची. आमच्या हिला सांगतो."

आई दारातून पुढे आली. "तुम्हाला कसं कळलं, भाऊजी?"

"क्षाराला बटाट्याचा वास येत नाय."



मी बटण फिरवलं. ड्रायर आधी डगमगला, मग सुसाट फिरू लागला. आईने उजवा हात झाकणावर ठेवला आणि तो थांबेपर्यंत काढला नाही. मी पुढे पुष्कळ विद्वानांना ऐकलं. एखाद्याची चूक ओळखून, दुरुस्त करून, वर ती सुधारायची रीतही सांगायची आणि हे सगळं त्या माणसाचा मान राखून, हे त्यांतल्या एकालाही जमल्याचं मला आठवत नाही. काकांचं शिक्षण आय.टी.आय.पर्यंत झालेलं होतं.

आईने त्या हाताने नंतर काही पिळलं नाही. कीस मात्र दर उन्हाळ्यात झाला, दुहेरी फडक्यात. त्या दिवशी वडील नेमके शाळेत असायचे. वेळ आई ठरवायची. तळून पहिला डबा शेजारी जायचा, आणि रिकामा डबा परत देताना काका गंभीरपणे विचारायचे, "पाणी कसं हाय मग, वहिनी?"

"जडच आहे," आई म्हणायची.

वडिलांनी या प्रकरणातून जो बोध घ्यायचा तो घेतला. शाळेच्या वार्षिक समारंभात त्यांनी काकांचा शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार केला आणि जड पाणी या विषयावर वीस मिनिटं भाषण केलं. काका शाल पांघरून घामाघूम होऊन ऐकत होते, एकदाही न हसता. पुढची कित्येक वर्षं वडील कॉलनीतल्या नव्या बिऱ्हाडांना जाऊन सावध करायचे. काहींनी त्यांच्या सांगण्यावरून पाणी हलकं करायची यंत्रं बसवली.

दोन हजारच्या दशकात आमच्या घरी फिल्टर बसवायला एक माणूस आला. त्याने नळाचं पाणी काचेच्या नळीत घेतलं, त्यात थेंब टाकले, रंग बघितला आणि वडील बाहेर गेले आहेत याची मी खात्री करून घेतल्यावर मला निकाल सांगितला.

आमच्या नळाला धरणाचं पाणी येतं. ते हलकं आहे.