बॉनेटखालचा गुलाल

तो स्पॅनिश माणूस मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही, आणि त्याला मी आवडावं म्हणून मीही काही केलं नाही. अंजूरच्या आमच्या गोडाऊनमध्ये एका रेसिंग टीमने भाड्याने वर्कशॉप टाकलं होतं. ड्रायव्हरांना शिकवायला त्यांनी याला थेट तिकडून आणलं होतं. उंच, टकला, उन्हाने लालबुंद झालेला. आल्या आल्या त्याने खाडीकडे बघून नाक मुरडलं, रस्त्यावरच्या ट्रेलरांकडे बघून नाक मुरडलं आणि मग मला विचारलं, चहा कधी मिळेल? मी म्हटलं, मी ड्रायव्हर आहे. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "ते मी ठरवेन."

आयुष्यभर तो टूरिंग कार चालवत आला होता. टीव्हीवर दिसतात त्या उघड्या टपाच्या चपट्या गाड्या नव्हेत. लग्नाच्या माणसांची ने-आण करते तसली साधी चार दरवाज्यांची गाडी घ्यायची, आतल्या सीटा-गालिचे उपटून टाकायचे, लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवायचा आणि शर्यतीत सोडायची. आमच्या वर्कशॉपमधली गाडी बघून काकी म्हणाली होती, "ही तं कल्यानची टॅक्सीच हाय. हिचा एवढा काय कौतुक?" मी ते मुद्दाम इंग्रजीत करून त्याला ऐकवलं. त्याला हसू आलं नाही. मला आलं.

आमच्या घरात वडील गेल्यापासून काकाचा शब्द चालतो. शर्यत म्हणजे काय ते काकाला कुणी सांगायला नको. त्याच्या गोठ्यात छकड्याचे बैल आहेत, त्यांना माणसांपेक्षा बरं खायला मिळतं, आणि पंचक्रोशीतल्या शर्यतींत त्याने कैक वेळा गुलाल घेतलाय. आमच्याकडे जिंकला असं कुणी म्हणत नाही, गुलाल घेतला म्हणतात. मला गाडी चालवायला मिळाली ती टीमला जागा आमची हवी होती म्हणून, हे मला ठाऊक होतं आणि त्या गोऱ्यालाही. काकाने मला सांगून ठेवलं होतं, "एक वरीस खेल. फुडल्या सालची सीट मिलाली तं मिलाली. न्हाय तं गोडाऊनच्या हाफिसात बसाचा." सीट म्हणजे टीमची गाडी चालवायची जागा. ती एकच होती आणि तिच्यावर आम्ही दोघं टपून होतो. दुसरा मुंबईतल्या एका बिल्डरचा मुलगा. त्याचे हातमोजे माझ्या बुटांपेक्षा महाग होते आणि तो मला 'दीदी' म्हणायचा, म्हणून तो मला जास्तच डोक्यात जायचा.

स्पॅनिश माणूस शिकवायचा म्हणजे अपमान करायचा. "तू फार सभ्य चालवतेस. तू काय समोरच्याला घरी जेवायला बोलावणार आहेस?" असं तो कानातल्या रेडिओवर म्हणायचा. टूरिंग कारमध्ये गाडीला गाडी घासते, दाराला दार लागतं, हे तिथे गृहीतच असतं. मी सभ्य नव्हते. अंजूर फाट्यावर कंटेनर आणि रिक्षांच्या मधून मी गाडी शिकलेय. तिथे सभ्य माणूस संध्याकाळपर्यंत घरी पोचत नाही. पण ट्रॅकवर वळण आलं की माझा पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप उचलला जायचा आणि त्याला ते बरोब्बर कळायचं.

एकदा मी चिडून त्याला विचारलंच, "तू स्वतः किती वेळा चॅम्पियन झालास?"

"एकदाही नाही," तो म्हणाला. "मला दुसरं यायचे पैसे मिळायचे."

मग त्याने सांगितलं, कढी-भात चिवडत, अगदी हिशेबी आवाजात. एका मोठ्या टीममध्ये तो दुसऱ्या नंबरचा ड्रायव्हर होता. काम काय, तर पहिल्या नंबरच्या मागे भिंत होऊन राहायचं. मागचे येतील त्यांना अडवायचं, घासायचं, बाहेर ढकलायचं. आणि चुकून स्वतः पुढे गेलाच, तर रेडिओवर हुकूम यायचा की त्याला जाऊ दे. तो जाऊ द्यायचा. वर्षानुवर्षं त्याने दुसऱ्याला जिंकवलं. शेवटी शेवटी एका लहान टीमकडून स्वतःची म्हणून एक शर्यत जिंकला. त्यानंतर टीम बंद पडली आणि त्याला कुणी फोन केला नाही.

"मग तू मला काय शिकवणार?" मी म्हटलं.

"तू माझ्यासारखी होऊ नयेस एवढंच," तो म्हणाला आणि ताट सरकवून उठला. मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. हरलेल्या माणसाच्या हाती माझं वर्ष दिलंय, एवढंच डोक्यात आलं.

शेवटची शर्यत दक्षिणेतल्या ट्रॅकवर होती. बिल्डरचा मुलगा आणि मी, दोघांत जो पुढे येईल त्याची सीट. काकाने जाहीर केलं की घर येणार. घर म्हणजे लक्झरी बस भरून माणसं. स्पॅनिश माणसाने मला बाजूला घेऊन बजावलं, "तुझ्या लोकांना नीट सांग. शर्यत संपल्यावर पुढे आलेल्या गाड्या कुंपणाच्या आत नेतात. तिथे वजन होतं, इंजिन तपासतात. तोवर गाडीला कुणी हात लावायचा नाही. तूही नाही. कुणीच नाही." मी काकाला फोनवर सांगितलं. एकदा नाही, दोनदा सांगितलं. काका म्हणाला, "बरं."

त्या 'बरं'ला मी अजून शिव्या देते.

शर्यत मी चांगली चालवली. खोटा विनय मला जमत नाही. शेवटून दुसऱ्या फेरीत बिल्डरचा मुलगा माझ्या पुढे होता आणि वळणाच्या आतल्या बाजूला एक गाडी कशीबशी मावेल एवढी फट त्याने ठेवली होती. माझा पाय उचलला गेला नाही. माझं दार त्याच्या दाराला घासलं, आरसा तुटून गेला आणि मी पुढे होते. कानात गोऱ्याचा आवाज आला, "आता सभ्य नाहीस." बास, तेवढंच. सगळ्यांत पहिली मी आले. कुंपणाच्या आत गाडी लावली, खाली उतरले, हेल्मेट काढलं आणि वजनासाठी अधिकाऱ्यांच्या मागे निघाले, कारण ड्रायव्हरचंही वजन होतं.

पाठीमागे आवाज आला तो मला ओळखीचा होता. आमच्याकडे बैल पल्ला मारून आला की असाच आवाज होतो.

काका कुंपणावरून उडी मारून आत आला होता. त्या वयात. त्याच्या मागे चुलतभाऊ, त्यांच्या मागे अर्धी बस. पिशव्यांतून गुलाल निघाला, तो त्यांनी अंजूरहून आणला होता. बंपरवर नारळ फुटला. टपावर, काचांवर, चाकांवर गुलाल. इथवरही कदाचित निभावलं असतं, कोण जाणे. पण बैलाच्या कपाळाला गुलाल लावल्याशिवाय आमच्याकडे शर्यत पुरी होत नाही. गाडीचं कपाळ कुठे असतं? चुलतभावाने शोधून काढलं. शर्यतीच्या गाडीचं बॉनेट बाहेरच्याच खटक्यांनी उघडतं. त्याने ते उघडलं आणि काकाने दोन्ही हातांनी तापलेल्या इंजिनावर गुलाल ओतला. मी धावत पोचेपर्यंत जळक्या गुलालाचा वास सुटला होता.

अधिकारी सभ्य होते, तेच जास्त वाईट. तपासणीआधी बाहेरच्या माणसांनी इंजिन उघडलं, आता या गाडीत काय होतं आणि काय नव्हतं हे आम्ही सांगू शकत नाही, असं ते म्हणाले. माझा निकाल रद्द झाला. बिल्डरचा मुलगा माझ्याजवळ आला, "सॉरी, दीदी" म्हणाला आणि सीट घेऊन गेला.

काकाला मी तिथेच विचारलं, "तुला सांगितलं होतं ना, हात लावायचा नाही?"

काका गोंधळला होता. "अगं, त्या बाहेरच्या मानसांना. आपुन काय बाहेरचे हाव? आपल्या पोरीच्या गाडीला आपुन हात न्हाय लावाचा तं कोनी लावाचा?"

"लांबून बघता येत नव्हतं तुला?"

गुलालाचे हात तो शर्टाला पुसत राहिला.

आता तो गोरा. मला वाटलं होतं, निदान तो तरी माझ्या बाजूने भांडेल, अधिकाऱ्यांवर ओरडेल, काकावर ओरडेल. तो शांतपणे चालत आला, काकाच्या समोर उभा राहिला आणि त्याने मान खाली घातली. आपलं टक्कल पुढे केलं. काकाला कळेना. मग कळलं. त्याने पिशवीतला उरलेला गुलाल त्याच्या डोक्यावर ठेवला, आणि तो माणूस, ज्याला वर्षभरात मी कधी हसताना पाहिलं नव्हतं, तो लालभडक तोंडाने हसत उभा राहिला.

"तुला लाज नाही वाटत?" मी म्हटलं. "माझी सीट गेली."

"मी जिंकलो त्या शर्यतीनंतर मी सगळी तपासणी होईपर्यंत कुंपणाच्या आत एकटा बसलो होतो," तो म्हणाला. "मग बाहेर आलो. बाहेर कुणी नव्हतं."

"पण तुझा निकाल टिकला," मी म्हटलं. "मला तो चालला असता."

पुढच्या महिन्यात तो आपल्या देशात गेला आणि मला बरं वाटलं. काकाला मात्र तो अजून फोन करतो. एकाला मराठीशिवाय येत नाही, दुसऱ्याला मराठी येत नाही, तरी दोघं बैलांविषयी पाच-पाच मिनिटं बोलतात. हेही मला खपत नाही.

वर्षभर मी गोडाऊनच्या ऑफिसात बसले. पावत्यांवर शिक्के मारले, ट्रेलरवाल्यांशी हिंदीत भांडले, काकाशी कामापुरतं बोलले. घरात पाहुणा आला की काका सांगायचा, "हीच आमची पोर. पयली आयलेली." आणि मी तिथल्या तिथे सांगायचे, नाही, निकाल रद्द झाला. पाहुणा बिचारा चहात बघत बसायचा.

यंदा पुण्याच्या एका लहानशा टीमने मला बोलावलं. गाडी जुनी, सीट अर्ध्याच मोसमाची. त्याच ट्रॅकवर मी तिसरी आले. घरी कुणाला बोलावलं नव्हतं, तारीखही सांगितली नव्हती. कुंपणाच्या आत गाडी लावली, वजन दिलं, इंजिनाची तपासणी झाली. कुणी उडी मारली नाही. निकाल लागला आणि टिकला. मी बाहेर आले.

काका कुंपणापासून बराच लांब, टायरांच्या ढिगाजवळ उभा होता. एकटा. तारीख त्याला कुठून कळली कोण जाणे. हातात पिशवी नव्हती. दोन्ही हात त्याने पाठीमागे घेऊन एकमेकांत घट्ट धरून ठेवले होते.

मी गाडी ढकलत त्याच्यापर्यंत आणली. टीमची पोरं वैतागली, पण आणली.

"झाली तपासणी," मी म्हटलं. "आता लाव हात."

"नको."

"अरे, चालतं आता. निकाल लागला."

"नको, बाय. परत काय झाला तं."

"मग आलास कशाला एवढ्या लांब?"

काकाने गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. हात पाठीमागेच होते.

"लांबून बघाला आयलो," तो म्हणाला.