मी मुंग्यांचं स्वप्न सांगितलं

आमच्या मुलाच्या घरात मुंगी नाही. दर महिन्याला पाठीवर टाकी अडकवलेला एक माणूस येतो, ओट्याखाली, न्हाणीघरात, कोपऱ्याकोपऱ्यात औषध मारतो आणि जातो. खिडक्या एरवीही बंदच असतात, कारण बेंगळुरूतल्या बेळ्ळंदूरच्या घाण तळ्याचा वास वर येतो. बाल्कनीला कबुतरांसाठी जाळी लावलीय. कबुतरं बाहेर, मी आत. चौदाव्या मजल्यावर साखर सांडली तर ती दुसऱ्या दिवशी तशीच पडलेली असते. अशा घरात मला मुंग्या दिसल्या त्या झोपेत, आणि त्या स्वप्नामुळे पुढं जे झालं ते लिहायला बसलोय. मी तिसरीपर्यंत शिकलो. माझी ओळ लिहिता लिहिता वर चढत जाते. पण पवित्रशास्त्र, म्हणजे बायबल, मी सगळं वाचलंय, बोट ठेवून, आणि एकदाच नव्हे. तेव्हा मला कोणी अडाणी समजू नये.

आधी मला काय पाहिजे होतं ते सांगतो. मला ईस्टरच्या आधी गावी जायचं होतं. गाव नगर जिल्ह्यात. तिथल्या साखर कारखान्यात मी बॉयलरवर होतो. आमच्या चर्चच्या मंडळीत एक रीत आहे. उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, यायच्या आत प्रत्येक घर आपापल्या माणसांच्या कबरा साफ करतं, गवत उपटतं, चुना मारतं. मग पुनरुत्थानाच्या दिवशी, म्हणजे ईस्टरला, उजाडायच्या आधी सगळी मंडळी मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात जमते आणि पहिलं गीत तिथंच होतं. त्या अंधारात पांढऱ्या कबरा तेवढ्या दिसतात. जिला चुना नाही ती दिसत नाही, आणि लोक तिच्यावरून चालत जातात. मुद्दाम नाही जात, पण जातात. माझी बायको तिथं आहे. तिच्या शेजारची जागा मी पाळकांना सांगून माझ्यासाठी धरून ठेवलीय. मागच्या ईस्टरला मी इथं होतो. "पुढच्या वर्षी नक्की जाऊ, बाबा," असं मुलगा म्हणाला होता. म्हणजे एक ईस्टर ती अंधारात राहिली. दुसरा राहू द्यायचा नव्हता.

मुलगा वाईट नाही, हेही लिहून ठेवतो. मी गावी न्हाणीत पडलो तेव्हा तो रातोरात आला आणि दोन महिन्यांसाठी म्हणून मला बेंगळुरूला घेऊन आला. ते दोन महिने अजून संपले नाहीत. तिकिटाचं विचारलं की "बघतो" म्हणतो. त्याला मला नाही म्हणता येत नाही, लहानपणापासून येत नाही.

स्वप्न असं होतं. मी गावच्या घराच्या दारात उभा आहे. कुलूप लागलेलं, किल्ली माझ्या हातात, पण ती फिरत नाही. खाली बघतो तर मुंग्यांची रांग चाललीय, दाराच्या फटीतून आत. प्रत्येकीच्या तोंडात पांढरं अंडं. रांग येते कुठून म्हणून बघितलं, तर माझ्याच पायांवरून. धोतराच्या सोग्यातून निघतात, चपलेवरून खाली उतरतात आणि आत जातात. चावत नव्हत्या. मला त्यांची भीती वाटली नाही. उलट हेवा वाटला. जाग आली तेव्हा मी पाय झाडून बघितले, एवढं मात्र खरं.

अर्थ मला लगेच कळला. शास्त्रात तो तुरुंगातला तरुण आहे, राजाच्या स्वप्नांचा उलगडा करून सुटलेला. मला वाटलं, देवानं माझ्याही हातात तसंच काही दिलंय. मुलगा ऐकत नाही, सून ऐकत नाही, पण त्यांच्या शुक्रवारच्या प्रार्थनेच्या मिटिंगमध्ये स्वप्नाला फार मान असतो. कोणी साक्ष देताना, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगताना, स्वप्न सांगितलं की सगळे वह्या मिटून ऐकतात. तिथं सांगावं, सगळ्यांसमोर अर्थ निघावा, आणि मग मुलाला तिकीट काढल्याशिवाय गत्यंतर राहू नये, असा माझा हिशेब.

ही मिटिंग दर शुक्रवारी कोणाच्या ना कोणाच्या फ्लॅटमध्ये भरते. पुण्याची, मुंबईची, नागपूरची तरुण मंडळी, सगळी कॉम्प्युटरवाली. आमच्यासारखं पेटी-तबल्यावर भजन नाही, गिटार असते. पुढारी एक नागपूरचा माणूस, माझ्या मुलाहून थोडा मोठा. त्याला सगळे ब्रदर म्हणतात. वाईट माणूस नाही तोही. मी बोललो की खुर्ची पुढं ओढून ऐकतो.

त्या शुक्रवारी मिटिंग आमच्याच हॉलमध्ये होती. गाणी झाली, दोघांची साक्ष झाली, आणि मी हात वर केला. सुनेला आनंद झाला, कारण मी तिथं कधी बोलत नाही. मी स्वप्न सांगितलं, एक शब्द वाढवला नाही, एक गाळला नाही. आणि शेवटी म्हणालो, "आता याचा अर्थ तुम्हीच सांगा." इथं चुकलो. आमच्या मंडळीत हे वाक्य नम्रपणाचं असतं. लोक म्हणतात, अर्थ देवाला ठाऊक, आणि सांगणाऱ्याचाच अर्थ चालतो. इथं तसं नव्हतं. इथं विचारलं की सांगतात.

ब्रदर म्हणाला, "काका, मुंग्या तुमच्या बॉडीतून येत होत्या?"

"बॉडीतून नाही. पायांवरून."

"पाय बॉडीलाच असतात ना काका," एक पुण्याची बाई म्हणाली, आणि सगळे हसले.

ब्रदर हसला नाही. म्हणाला, "वर्डमध्ये, शास्त्रात बघा, इन्सेक्ट्स म्हणजे काय? टोळ म्हणजे नाश. मिसरावर गोमाश्या आल्या ती पीडा. कसर म्हणजे न दिसता खाणारी गोष्ट. सैतानालासुद्धा माश्यांचा धनी म्हटलंय."

"टोळ कोणी पाठवले?" मी विचारलं.

"देवानं."

"गोमाश्या?"

"देवानंच, काका."

"आणि आपल्या लोकांच्या पुढं गांधीलमाश्या कोणी धाडल्या, वाट मोकळी करायला?"

"देवानं. पण…"

"मग किडे त्याच्या नोकरीत आहेत. आणि येशूला बाप्तिस्मा देणारा रानात टोळ खाऊन राहायचा. तो काय भुतं खात होता?"

आता हसले ते माझ्या बाजूनं. मुलानं तोंडावर हात धरला. मला वाटलं, जिंकलो. बोलण्यात मला कारखान्यातल्या युनियनवाल्यांनीसुद्धा कधी हरवलं नव्हतं.

ब्रदर शांतपणे म्हणाला, "काका, तुम्हाला वर्ड माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. फक्त एक सांगा. दार उघडलं का?"

"नाही."

"मुंग्या आत गेल्या. तुम्ही?"

"मी बाहेरच."

"मग देव तुम्हाला त्या घराबाहेर ठेवतोय. त्या जागेचं काहीतरी तुम्हाला धरून आहे, तुमच्यातून निघतं आणि तिकडं जातं. हे बंधन आहे काका. याच्यासाठी आपण तीन शुक्रवार प्रार्थना करू. तोपर्यंत तिकडचा प्रवास नको."

सगळ्यांनी आमेन म्हटलं. तीन शुक्रवारांतला शेवटचा म्हणजे उत्तम शुक्रवार. मी मुलाकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली होती, पण खांदे सैल पडले होते. ओझं उतरलेल्या माणसाचे पडतात तसे.

मला उत्तर सुचलं ते दुसऱ्या दिवशी दाढी करताना. मुंगी अंडं तोंडात धरते ती बिऱ्हाड हलवताना. जिथं नाश आहे तिथं कोणी आपली अंडी नेत नाही. माझं जे काही राहिलंय ते माझ्या आधी घरी पोचतंय, आणि मी मागं राहिलोय, एवढाच त्याचा अर्थ. पण हे मी आरशाला सांगून काय उपयोग. त्या तुरुंगातल्या तरुणानं दुसऱ्याच्या स्वप्नाचा अर्थ सांगितला म्हणून तो सुटला. मी आपलं स्वप्न दुसऱ्याच्या हातात दिलं.

संध्याकाळी मुलाला गाठला.

"तुझा विश्वास आहे यावर?"

"तुमच्या सुनेचा आहे, बाबा. ती घाबरलीय."

"तुझा विचारतोय."

"तिथं तुमच्याकडं बघायला कोण आहे? परत पडलात तर?"

"म्हणजे प्रश्न मुंग्यांचा नाही."

"मुंग्यांचाही आहे," तो म्हणाला, टीव्हीकडं बघत.

मग माझा मीच निघालो. दुपारी सून कॉम्प्युटरवर ऑफिसच्या मिटिंगमध्ये होती, तेव्हा पिशवीत दोन धोतरं, शास्त्र आणि औषधं टाकली आणि लिफ्टनं खाली आलो. गेटवरच्या वॉचमननं मला बसवून घेतलं. मागं एकदा मी तळ्याच्या रस्त्याला फिरायला गेलो होतो आणि यायला उशीर झाला. मी हरवलो नव्हतो, रस्ता खणून ठेवला होता म्हणून वळसा पडला. पण तेव्हापासून मुलानं गेटवर सांगून ठेवलंय. "स्वल्प इरि, अज्जा," वॉचमन म्हणाला, म्हणजे थोडं थांबा, आजोबा. आणि फोन लावला. त्यानं मला स्वतःची खुर्ची दिली, पाणी दिलं. गेटच्या दांड्यापलीकडं रिंगरोडवरच्या गाड्या जागच्या जागी उभ्या होत्या. मी म्हटलं, यांना सोडलंय तरी हे कुठं चाललेत. सून धावत खाली आली, डोळ्यांत पाणी. पिशवी तिनं घेतली. मी दिली. तिच्याशी काय भांडायचं, मला गरम चपाती वाढणारी तीच.

दुसऱ्या शुक्रवारी मी ठरवलं, एवढंच असेल तर सुटका करून घेऊ यांच्याच पद्धतीनं. लवकर सोडवलं तर अजून वेळ होता. माझे गुडघे आजवर टेकले ते देवासमोर आणि बॉयलरच्या झडपांसमोर. माणसांच्या घोळक्यात कधी नाही. त्या दिवशी टेकले. चारपाच हात डोक्यावर आले, सगळ्यांना एकाच साबणाचा वास. ब्रदरनं चांगली प्रार्थना केली, खोटं का बोलू, माझ्या बायकोसाठीही आभार मानले. मग म्हणाला, "काका, माझ्यामागून म्हणा. त्या घराशी आणि तिथल्या मृतांशी असलेलं प्रत्येक बंधन मी येशूच्या नावात तोडतो."

मी डोळे उघडले.

"म्हणा काका. तुमच्या तोंडून यायला पाहिजे."

"हे येणार नाही."

"तुम्हाला मोकळं व्हायचंय ना?"

"मला गावी जायचंय. तिथल्या माणसाशी नातं तोडून तिथं जाऊन काय करू?"

"काका, पण त्या आता…"

"ती झोपलीय. असंच शिकलोय आपण, तुम्ही आणि मीही. शेवटच्या दिवशी उठेल तेव्हा शेजारी बघेल."

गिटारवाल्यानं गिटार मांडीवरून खाली ठेवली. मला तडक उठून खोलीत जायचं होतं, पण डावा गुडघा उचलेना. त्या सगळ्या हातांखाली मी तसाच अडकून बसलो. शेवटी मुलानं मागून बगलेत हात घालून उभं केलं, आणि खोलीपर्यंत आणलं, आणि पलंगाच्या कडेला माझ्याशेजारी बसला.

"मी जातो, बाबा," तो म्हणाला.

"कुठं?"

"गावी. रजा टाकतो. मी चुना मारतो आईच्या कबरेला. पहाटेच्या उपासनेला थांबतो आणि येतो."

"आणि मी?"

"तुम्ही इथंच राहा. तिलाही मग भीती नाही आणि मलाही."

एवढं चांगलं तो कधी बोलला नव्हता. अशा बोलण्याला नाही कसं म्हणायचं, ते मला माहीत नाही. ब्रदरला म्हणता आलं, याला आलं नाही.

तो गेला. ईस्टरच्या पहाटे सुनेनं मोबाईल माझ्यापुढं धरला. कबरस्तान दिसलं, मेणबत्त्या दिसल्या, गाण्याचा आवाज तुटत तुटत येत होता. बायकोची कबर पांढरी होती. आजूबाजूच्या सगळ्यांहून पांढरी, कारण नवखा माणूस चुना जास्तच घालतो. तिच्या शेजारची जागा काळी दिसत होती आणि तिथं कोणाची तरी मुलं उभी होती. मी पडद्यावर बोट ठेवलं तर चित्र लहान झालं. सून रडली. मीही रडलो, पण तिला वाटलं आनंदानं.

मुलगा मंगळवारी परत आला. नखांत चुना, बुटांवर चुना. पाठ दुखते म्हणाला, पण चेहरा हलका. सगळ्यांनी त्याला विचारलं होतं, तुझे बाबा कसे आहेत, आणि त्यानं सांगितलं होतं, मजेत आहेत. जेवायला बसल्यावर म्हणाला, "झालं बाबा. आता काही राहिलं नाही."

खरंच काही राहिलं नव्हतं. जाण्यासाठी माझ्याकडं तेवढंच एक काम होतं आणि ते त्यानं प्रेमानं उरकून टाकलं होतं. आता मी कोणत्या तोंडानं तिकीट मागू? वरणभात पुढं होता. मी दोन घास खाल्ले आणि विचारलं, "चुन्यात डिंक घातला होतास?"

"डिंक?"

"डिंक नाही घातला तर चुना धरत नाही. हात लावला की हाताला येतो. पावसाळ्यात सगळा उतरेल."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तू विचारलं नाहीस."

त्यानं भात कालवला. "मग पुढच्या वर्षी डिंक घालून मारू."

"पुढच्या वर्षी नाही. पाऊस संपला की लगेच. आणि मीच मारणार. तुला जमत नाही."

"बाबा."

"तुला जमत नाही, मोबाईलमध्ये दिसलं मला. जाड थर दिलायस. त्याचे पापुद्रे निघतात."

सूनबाई त्याच्याकडं बघत होती आणि तो माझ्याकडं. मग म्हणाला, "बघू."

स्वप्नं पडतात अजून, पण मी आता कोणाला सांगत नाही. शुक्रवारी सगळे जमतात तेव्हा मी माझ्या खोलीत शास्त्र वाचतो. ब्रदर दारातून डोकावून "काका, बरे आहात ना?" विचारतो, मी बरा आहे म्हणतो. मुलाला मात्र मी सोडलेला नाही. डिंक चिकपेटच्या बाजारात मिळतो, असं खालच्या दुकानवाल्यानं सांगितलं. मी मुलाला म्हटलं, घेऊन ये. तो म्हणाला, ऑनलाइन मागवतो. अजून मागवलेला नाही. रोज रात्री जेवताना मी विचारतो, डिंक आला का, आणि तो म्हणतो, येईल. उद्याही विचारणार आहे.