वाल्मिक फिटरचा धूमकेतू

खोटं काम बघितलं की वाल्मिक पाटीलला खरोखरच मळमळायचं. सिल्वासाजवळच्या सायली गावात एका धाग्याच्या कारखान्यात तो फिटर होता, धुळ्याकडून येऊन त्याला सोळा वर्षं झाली होती. कुणी बोल्ट अर्धाच आवळून वर ग्रीस फासलं, की हा जेवणाचा डबा उघडायचाच नाही. सोबतचे विचारायचे, "काय वाल्मिकभाऊ, आज उपास का?"

दुसरं वेड आकाशाचं. २०२४च्या ऑक्टोबरात धूमकेतू आला, तेव्हा संध्याकाळ मोकळी मिळावी म्हणून त्याने रात्रपाळी मागून घेतली. दिवस मावळता बायकोला, कावेरीला, मोटारसायकलवर मागे बसवायचं आणि खडोलीपलीकडचं टेकाड गाठायचं. फोटो काढायचं साधन त्याने घरीच केलं होतं. दोन फळ्या, मध्ये बिजागरी, एक लांब बोल्ट आणि वर जुना कॅमेरा. मिनिटाला बोल्टचा एक फेरा दिला, की कॅमेरा ताऱ्यांच्या चालीने सरकायचा. कावेरी मोबाईल बघून सेकंद मोजायची, हा बोल्ट फिरवायचा. धूमकेतूचं शेपूट नेहमी सूर्याच्या उलट बाजूला असतं, हे त्याने तिला तिथेच शिकवलं. सूर्य खाली गेला, म्हणून शेपूट वर.

तीन संध्याकाळी कारखान्यांच्या धुराने खाल्ल्या. चौथ्या दिवशी धूमकेतू सापडला, पाटीवर बोटाने खडू पुसावा तेवढाच. पण खरा होता, आणि दोघांच्या हातचा होता.

सिल्वासातल्या हौशी खगोल मंडळाचे अध्यक्ष अनंत देवस्थळी. पुण्याचे इंजिनियर, आणि वाल्मिकच्याच कारखान्यात मॅनेजर. मंडळाच्या आमलीतल्या प्रदर्शनासाठी त्यांनी फोटो मागितला. वाल्मिकने हौसेने दिला.

प्रदर्शनाच्या दिवशी दारातच भलामोठा बॅनर लागला होता आणि त्यावर ठळक अक्षरांत वाल्मिकचं नाव. धूमकेतू चौपट लांब केलेला, खाली दुधनीच्या तळ्यात त्याचं प्रतिबिंब चिकटवलेलं. आणि शेपूट खाली, थेट मावळतीकडे! ज्यांच्या दुर्बिणींवरचं प्लास्टिकही अजून निघालं नव्हतं, ते सभासद माना डोलवत वाहवा करत होते. वाल्मिकच्या तोंडाला कडू पाणी सुटलं. त्याने देवस्थळींना बाजूला घेतलं.

"साहेब, हा मी काढलेला नाही."

"तुझाच आहे रे. जरा उठाव दिला. वर प्रायोजकाचं नाव टाकायचं होतं, शेपूट मध्ये येत होतं. म्हणून उलटा केला."

"पण सूर्य खाली आहे, साहेब."

"लोक खूश आहेत ना? आणि नाव तुझंच ठेवलंय. दिवाळीनंतर तुझं फोरमनचंही बघतो." त्यांनी त्याची पाठ थोपटली. पाठीवर पाल पडावी तसं त्याला झालं.

माइक हातात आला की सगळ्यांसमोर सांगून टाकायचं, हे चित्र खोटं आहे, माझं नाव काढा, असं त्याने पक्कं ठरवलं. शाल आली, नारळ आला, माइकही आला. पहिल्या रांगेत देवस्थळी, शेजारी कारखान्याचे मालक. वाल्मिकने घसा खाकरला आणि म्हणाला, "सगळ्यांचा आभारी आहे."

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून कावेरी उठली. चारचौघांत तोंड न उघडणारी बाई ती.

"ओ, हा आपला नव्हे. आपण पाह्यला त्याचं शेपूट वर होतं ना? हे उलटं लावलंय यांनी."

सगळ्या माना माइककडे वळल्या. 'खरं आहे तिचं,' एवढंच वाल्मिकला म्हणायचं होतं. देवस्थळी त्याच्याकडे बघत होते.

"तुला काय कळतं त्यातलं?" वाल्मिक माइकमधून म्हणाला. "बस खाली."

हॉल खदखदून हसला. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. कावेरी खाली बसली आणि पदर सारखा करत राहिली. वाल्मिकच्या खांद्यावरच्या शालीला नव्या कापडाच्या खळीचा वास येत होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामाची किळस केली; आज त्याला स्वतःची आली, आणि स्वतःपासून दूर सरकायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. वाल्मिकने फळ्या बांधल्या, गाडी पुसली. कावेरी उंबऱ्यात मेथी निवडत होती.

"चल ना. आज छान दिसेल. सेकंद कोण मोजणार?"

तिने मान वर केली नाही.

"तुम्ही जा. मी त्या ब्यानरवर पाह्यला. त्याच्यात मोठा दिसतो."