बुकिंग दोघांचं होतं

या ग्रुपवर जुने असाल तर मला ओळखत असाल. कुणी जिन्यावर वाजणाऱ्या पावलांबद्दल लिहिलं की खाली "कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टर तपासून घ्या, त्या गॅसने भास होतात" अशी कॉमेंट टाकणारा तो मीच. माझा असल्या भुताखेतांच्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. पण एक गोष्ट कुणाला तरी सांगायची आहे, आणि जिला सांगितली असती ती आता नाही...

मी त्रेपन्न वर्षांचा. सिॲटलजवळ बॉथेलला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. घटस्फोटानंतर मुलगी इरा माझ्याकडे असते, ती सतरा वर्षांची. आमचं घर गल्लीच्या अगदी टोकाला आहे, मागे सीडरची उंच झाडं. दिवसा तिथे कुरिअरच्या गाडीशिवाय काही हलत नाही.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये माझी ताई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो, मला ताईनेच वाढवलं. तिने लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत इतिहास शिकवून रिटायर झाली. "तुझं घर लावून देते आणि जाते," म्हणून आली होती.

घर लागलं. मी आणि इरा सकाळी आठला बाहेर पडायचो ते संध्याकाळी परतायचो. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, "इथे माणसं राहतात ना रे?"

"राहतात की. ऑफिसला जातात."

"आणि माझ्यासारखी?"

मी हसलो होतो.

जूनमध्ये इराने लायब्ररीतून तिच्यासाठी व्हायकिंग लोकांवरचं एक मोठं चित्रांचं पुस्तक आणलं. ताई त्यात बुडाली. "तीस वर्षं मी यांना 'दर्यावर्दी लुटारू' म्हणून दोन मार्कांत उरकलं," ती म्हणाली. "यांची गावं होती, बाजार होते. लाज वाटायला लागली मला." मग मीच जोशात येऊन ठरवलं की सप्टेंबरमध्ये तिला सोडायला जाताना दोघांनी तीन दिवस स्टॉकहोमला थांबायचं. एका शुक्रवारी दिवसभराची प्रायव्हेट टूर बुक केली. स्वतंत्र गाडी, स्वतंत्र गाइड, सिग्टूना नावाचं जुनं गाव, मग उप्सालाच्या राजांच्या समाध्यांच्या टेकड्या आणि कॅथीड्रल. माणसं दोन. ताईने पांढरेशुभ्र स्नीकर्स घेतले आणि साडीवर ते घालून रोज गल्लीत सहा फेऱ्या मारायला लागली, दगडी रस्त्यांची सवय हवी म्हणून.

ऑगस्टच्या शेवटी आमच्या सॉफ्टवेअरची रिलीज पुढे गेली, ती नेमकी सहलीच्या आठवड्यात. इथे मला खरं लिहायचं आहे. मला कुणी थांबवलं नव्हतं. मॅनेजर म्हणाला होता, तू जा, आम्ही बघतो. माझ्याशिवाय झालं असतं ही कल्पनाच मला सहन झाली नाही. मी ताईचं तिकीट ऑक्टोबरवर ढकललं, दुबईमार्गे, एकटीचं, आणि आपण सगळे आईवडिलांसाठी करतो तशी विमानतळावर व्हीलचेअर मागवली. रोज सहा फेऱ्या चालणाऱ्या बाईसाठी.

इंडियन ग्रोसरीहून परतताना गाडीत तिला सांगितलं, "ताई, त्या टूरवाल्यांनीच कॅन्सल केली. तिकडे बर्फ सुरू झालाय म्हणे."

"सप्टेंबरात बर्फ पडतो होय?"

"यंदा लवकर पडलाय."

"असेल बाबा. थंड देश." आणि ती खिडकीबाहेर बघत बसली.

टूर खरोखर कॅन्सल करायची मात्र माझ्या डोक्यातून गेली.

टूरच्या शुक्रवारच्या आदला तो गुरुवार आला. संध्याकाळी मी घरूनच कॉलवर होतो. ताई थालीपीठं लावत होती, मध्ये भोक पाडून, तेल सोडून. गार झाल्यावर फॉइलमध्ये गुंडाळत होती. मी हेडसेट एका कानावरून सरकवून विचारलं, "इराच्या डब्याला?"

"असू देत. बरोबर लागतात."

शुक्रवारी सकाळी मी आठ वाजता खाली आलो. ताई एरवी पाचला उठते, पण स्वयंपाकघरात चहाचं भांडंसुद्धा नव्हतं. ती हॉलमध्ये खुर्चीवर बसली होती, पाय गरम पाण्याच्या टबात. चेहरा ऊन लागल्यासारखा लाल.

"काय गं, बरं नाही का?"

"बरी आहे. चालणं फार झालं. दगडाचे रस्ते, पायांना कळतं."

आमची गल्ली डांबराची आहे. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. पण सव्वाआठची मीटिंग होती, मी म्हटलं, "आराम कर," आणि निघालो. दारातून बाहेर पडताना ती म्हणाली, "ऐक ना, एक सांगायचंय."

"आल्यावर सांग."

आलो तेव्हा ती झोपली होती. नंतर तिने विषय काढला नाही, मीही विचारलं नाही.

ऑक्टोबरमध्ये ती गेली. फेब्रुवारीत सांगलीला दुपारी जेवून आडवी झाली ती उठली नाही. मी अंत्यविधी व्हिडिओ कॉलवर पाहिले.

या एप्रिलमध्ये इराच्या कॉलेज व्हिजिटसाठी हॉटेल बघताना ते बुकिंगचं ॲप उघडलं. आत सात महिने न वाचलेला एक मेसेज होता. गाइडचा, त्याला लार्स म्हणू. त्याने लिहिलं होतं, तुमच्या बहिणीबरोबरचा दिवस फार छान गेला, त्यांना माझा नमस्कार सांगा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून मी त्याला फोन लावला. मला वाटलं, नावांचा घोळ असेल. त्याला ती नीट आठवत होती. बुकिंगमध्ये दिलेल्या स्टॉकहोमच्या हॉटेलच्या दाराशी उभी होती, साडीवर स्वेटर आणि नवे पांढरे बूट. सिग्टूनात प्रत्येक कोरीव स्मृतिशिळेपाशी थांबून तिने त्याला ओळी मोठ्याने वाचायला लावल्या. कुणी उभारली, कुणासाठी उभारली, प्रत्येकीचं. फोटो काढू का विचारलं तर नको म्हणाली.

"दुपारी त्यांनी स्वतःचा डबा उघडला," तो म्हणाला. "पण आधी मी खाल्ल्याशिवाय हात लावेनात. तिखट, गोल पोळी, मधोमध भोक. आमच्याकडच्या जुन्या कडक पावालाही असंच भोक असतं असं मी म्हटलं, तर केवढ्या खूश झाल्या. इतक्या वर्षांत एकाही पाहुण्याने मला 'जेवलास का' विचारलं नव्हतं."

गावाकडे भाड्याची जीप केली की ताई ड्रायव्हरचं ताट झाल्याशिवाय घास घेत नसे. हे त्याला कोण सांगणार?

टूर तिथल्या सकाळी नऊ ते पाच झाली. स्वीडन आमच्यापुढे नऊ तास आहे. म्हणजे बॉथेलला रात्री बारा ते सकाळी आठ.

मग खरं विचारायचं होतं ते मी विचारलं. "माझ्याबद्दल काही म्हणाली का? मी का आलो नाही, वगैरे?"

"सकाळी मीच विचारलं होतं. बुकिंग दोघांचं आहे, दुसऱ्या पाहुण्यासाठी थांबायचं का? तर म्हणाल्या, नको, मी एकटीच आहे. नंतर काही नाही."

"रागाने म्हणाली?"

"नाही हो. हसून. त्यांना निघायची घाई होती."

आमच्या घराच्या दारावरच्या कॅमेऱ्याचं जुनं रेकॉर्डिंग राहत नाही. पासपोर्टवर शिक्का नाही, असणारच नाही. इराला सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, मेबी शी जस्ट वेंट." तुम्ही म्हणाल दुसरीच कुणी भारतीय बाई त्या गाडीत बसली असेल, किंवा गाइड गोड बोलणारा असेल. मीही हेच लिहिलं असतं. पण थालीपीठांपाशी येऊन मी अडतो.

त्या रात्री ताई कुठे होती, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी त्याच घरात होतो, तिच्या खोलीपासून बारा पावलांवर. एवढंच खात्रीने सांगू शकतो.