खिळ्याच्या मापाचं फूल

"आधी खिळा बघावा, मंग फूल."

काकू असं म्हणायच्या आणि पिशवीतून दोऱ्याचा तुकडा काढायच्या. त्याला एक गाठ. गाठीपर्यंतचा दोरा म्हणजे त्यांच्या घरातल्या कुठल्यातरी खिळ्याचा घेर. ओल्या फुलाच्या मागे त्या मापाचं भोक पाडायचं आणि मग काडी फिरवून ते जरा मोठं करायचं. माती वाळताना आकसते, भट्टीत आणखी आकसते. "आपुन ढिलं ठेवायचं," त्या म्हणायच्या. "आकसायचं काम ती करती."

बारामतीत एक सिरॅमिकचा क्लास आहे. तिथे मी भट्टी लावते आणि कोणती वस्तू कुणाची, ते चिठ्ठीवर लिहून ठेवते. फारसं बोलावं लागत नाही, म्हणून ही नोकरी धरली. काकू काटेवाडीहून दर शनिवारी एसटीनं यायच्या.

अशा क्लासात कधी डोकावला असाल तर तुम्हीही पाहिलं असेल, भिंतीसाठी बायका करतात ती बहुतेक गुलाब नाहीतर कमळं. घरी नेतात, भिंत न्याहाळतात, आवडेल तिथे खिळा ठोकतात. काकूंचे खिळे आधीच ठोकलेले होते. आणि फुलं भेंडीची, दोडक्याची, भोपळ्याची. भाजीची फुलं कुणी भिंतीवर लावतं का, असं एका बाईंनी हसून विचारलं, तेव्हा काकू मान वर न करता म्हणाल्या, "गुलाबाला फळ धरतंय का?" मला तेव्हा ते नुसतं खोचक वाटलं.

मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठी बोलण्याआधी मी वाक्य मनात जुळवून घेते. काकूंनी ते पहिल्याच दिवशी ओळखलं. "तुझं मराठी पावण्यावानी हाय गं. पाट दिल्याबिगर बसत न्हाय." मी हसले. मग त्या दर वेळी माझ्या वाक्यासाठी थांबायच्या. दुसरं कुणी थांबत नाही.

एकदा दोन शनिवार त्या आल्या नाहीत. त्यांची भाजलेली चार फुलं फळीवर तशीच होती. ती कागदात गुंडाळून मी स्कूटीवरून काटेवाडीला गेले. काकूंना दम लागत होता. हृदयाचं काहीतरी निघालं होतं, बाहेर पडायला डॉक्टरनं मनाई केली होती. तरी चहा त्यांनीच टाकला.

मी भिंत बघत बसले. आठ-नऊ फुलं होती, पण त्यांत काही रचना नव्हती. एक दाराशेजारी, एक पार कपाटाच्या वर, तीन एका तिरक्या रेषेत. मग दिसलं, प्रत्येक फुलामागे एक चौकोन होता. सगळी भिंत मळकी झालेली आणि तेवढा चौकोन नव्यासारखा निळा. पूर्वी तिथे फोटो होते. मी पटकन चहाच्या कपात बघितलं.

काकूंनी माझं बघणं बघितलं होतं. "ह्या मधल्या खिळ्याला ती पहिलीत हुती," त्या म्हणाल्या. "माझ्या मागं हुबी."

ती म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. चार वर्षांपूर्वी तिनं आपल्या मनानं लग्न केलं. त्याच संध्याकाळी आबांनी, म्हणजे काकूंच्या यजमानांनी, ती ज्यात ज्यात होती ते सगळे फोटो उतरवून ट्रंकेत घातले आणि कुलूप लावलं. तिचं नाव घ्यायचं नाही, असं ठरलं. खिळे तेवढे राहिले, कारण उपटले असते तर गिलावा निघाला असता.

"रिकामा खिळा बघवत न्हाय गं," काकू म्हणाल्या.

निघताना त्यांनी माझ्या फोनकडे बोट दाखवलं. ह्या भिंतीचा फोटो काढ आणि तिला धाड. तिचा नंबर बदललाय, पण तू शिकलेली, तू हुडकशील. सोबत काय लिहू, मी विचारलं.

"काय नगं. नुसती भिंत धाड. तिला कळंल."

मी फोटो काढला. मुलगी तर मला नेटवर एका मिनिटात सापडली. राहायला इंदापुरात होती, काटेवाडीवरून जाणाऱ्या त्याच रस्त्यानं पुढे. पण मी अनोळखी माणसाला कधी आपणहून मेसेज केला नव्हता. काही लिहू नको म्हणून काकूंनी सांगितलं होतं, तरी नमस्कार तरी लिहावा का, ताई म्हणावं की नुसतं नाव, मराठीत की इंग्रजीत, यात मी दिवस घालवले. लिहायचे आणि पुसायचे. काकूंचा फोन आला, "धाडलंस का?" आज पाठवते म्हटलं. चार दिवसांनी पुन्हा आला. "आसू दे, तुला सवड हुईल तवा." तिसऱ्यांदा वाजला तेव्हा लाज वाटून मी तो उचललाच नाही.

पुढच्या मंगळवारी क्लासमध्ये काटेवाडीच्या एका बाईंनी सांगितलं, काकू आदल्या दिवशी गेल्या. सगळं उरकलंही होतं.

मी भट्टीपाशी उभी राहून भिंतीचा फोटो पाठवला. एक शब्दही न लिहिता. दोन मिनिटांत उत्तर आलं. "दाराजवळच्या खिळ्याला माझा सायकलवरचा फोटो होता. आई कशी आहे?"

त्याला मात्र मला लिहावं लागलं.

ती त्याच संध्याकाळी घरी आली. आबा तिला आत ये म्हणाले नाहीत आणि जा म्हणाले नाहीत.

तेराव्याला मी गेले. काकूंचा हार घातलेला फोटो खुर्चीवर ठेवला होता. शेजारच्या बाई मला हळूच सांगत होत्या, काकूंचा एकटीचा फोटोच नव्हता. प्रत्येकात पोरगी होतीच. शेवटी आबांनी ट्रंक उघडली, त्यातला एक स्टुडिओत नेला आणि पोरगी कापून घेतली. तरी नीट बघितल्यावर काकूंच्या खांद्यावर चार इवलीशी बोटं दिसत होती. फोटोवाला पुसून देतो म्हणाला होता. आबांनी नको म्हणून सांगितलं.

पंगत उठल्यावर आबा फोटो घेऊन भिंतीशी उभे राहिले. मी नेलेली चारही फुलं लागली होती, एकही खिळा रिकामा नव्हता. बराच वेळ त्यांना कुठलंच फूल काढवेना. मग त्यांनी मधलं भोपळ्याचं फूल अलगद उतरवलं आणि फोटो तिथे टांगला. कापून लहान झाल्यामुळे तो जुन्या चौकोनात मावला आणि सगळीकडून निळी कड उरली.

फूल हातात तसंच राहिलं होतं. आबांनी मागे न बघता ते मागे धरलं. मुलीनं ते घेतलं.

मी निघाले तेव्हा ती फाटकापर्यंत आली. फूल तिच्या ओंजळीत होतं. "आईनं माझ्यासाठी काही सांगितलं होतं का?" तिनं विचारलं. मी वाक्य मनात जुळवून घेतलं.

"नुसती भिंत धाड म्हणाल्या. तिला कळेल म्हणाल्या."

तिनं मान हलवली. कधी म्हणाल्या, ते तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.