सोळावं बटण

सुनेला जाणूनबुजून चुकीचा ठेका शिकवला, हा माझ्या जन्मातला सगळ्यात मूर्ख डाव. तेव्हा मी पन्नाशीची होते, अक्कल मात्र अजून पाळण्यातच होती.

उदगीरच्या मठात सोमवारच्या भजनाला ढोलकी माझीच. मनगट लई दुखू लागलं, तशी सुनेनं तळहाताएवढं ड्रम मशीन आणलं. "आत्या, तेवढाच तुमच्या हाताला आराम," म्हणाली. मी मनात म्हटलं, आज हाताला आराम, उद्या मलाच कायमचा. असल्या गोड बोलण्याला भुलायला मी काय दुधखुळी?

मशीनवर ठेक्याच्या सोळा ठोक्यांची सोळा बटणं होती. मी ठोका वाजवून दाखवायचा, तिनं त्या जागचं बटण दाबायचं, की तिथला दिवा लागायचा अन् मग तो ठोका मशीन आपोआप वाजवायचं. शेवटच्या ठोक्यावर बाया पुढची ओळ उचलायच्या. तोच मी गाळला. सोळावा दिवा लागलाच नाही. तिनं क्षणभर माझ्याकडं बघितलं अन् गुमान मशीन स्पीकरला जोडलं.

सोमवारी बाया दर वेळी त्याच जागी अडखळल्या. मी खूश! पण मशीनकडं कुणी बघेना, सगळ्या माझ्याकडंच बघून हसायला लागल्या. लबाडी कुणाच्या हातची, हे त्यांनी माझ्या खुललेल्या तोंडावरून बरोबर ओळखलं होतं.

घरी येताना मी सुनेला विचारलं, "तुला चूक कळली न्हाई का गं?"

ती म्हणाली, "कळली की, आत्या. पण मशीनमधी ठेका तुमच्या हातचा पाहिजे, माझ्या न्हाई. सोळावं बटण तुम्हीच दाबावं म्हणून सोडलंय."