‘जातो’ म्हटल्याशिवाय फाटक उघडत नाही

मी अचूक लिहितो. कंपनीत माझं कामच ते: प्रोग्रामने नेमकं काय करायचं, हे आधी नियमांत बांधून द्यायचं. मग घोळ होत नाही. (निदान ऑफिसात.)

शिराळ्याहून सोयरे आमचं कोरेगावचं घर बघायला येणार ठरलं, तेव्हा मी आमच्या फाटकाला बोललेलं ऐकणारं यंत्र बसवलं. प्रश्न माझ्याच लग्नाचा होता आणि मुलगी मला मनापासून आवडली होती! नियम चोख लिहिले. पाहुणे आत आले की फाटक लावायचं. त्यांनी ‘येतो’ म्हटलं की स्वागताला सनई आणि गुलाबपाण्याचा फवारा. ‘जातो’ म्हटलं की फाटक उघडायचं. घरच्यांच्या आवाजाला दाद द्यायची नाही. लाईट गेली तरी बॅटरीवर चालायचं. कुठे फट म्हणून ठेवली नाही.

सोयरे आले, मुलगीही सोबत होती. पोहे झाले, चहा झाला. मुलीचे वडील, फौजेतले निवृत्त सुभेदार, फाटकाशी हात जोडून म्हणाले, “बरं, येतो आमी.”

सनई! फवारा!

“आवं, येतो म्हनलं!” पुन्हा सनई, पुन्हा फवारा. सुभेदारांच्या मिशा ठिबकू लागल्या.

“मामा, तुमी ‘जातो’ म्हना,” मी सुचवलं.

“आरं मुडद्या!” आई किंचाळली. “शुभ कामाला आलेल्या मानसानं जातो म्हनायचं व्हय?”

“मग तूच म्हन की रं!” आबा, माझे वडील, गरजले.

“जातो! जातो! जातो!” मी बोंबललो. फाटक ढिम्म. (घरच्यांचा आवाज. नियम माझाच.) आबांनी मेन स्विच खाली ओढला. बॅटरी इमानदार निघाली.

“सरहद्दीवर उभा ऱ्हायलो,” सुभेदार मिशा पुसत म्हणाले, “पर असा कवा अडकलो न्हाई.”

सोयरीक मोडलीच, असं मी मनात लिहून टाकलं. तेवढ्यात मुलगी ओला पदर पिळत पुढे झाली आणि फाटकावर खेकसली, “जातो मी!”

फाटक उघडलं! कोल्हापूरच्या शिवेकडच्या बायका ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘जातो’च म्हणतात. हे माझ्या नियमांत नव्हतं, नशिबात होतं. बाहेर पडल्यावर ती इतकी हसली, की सुभेदारांनाही हसू आवरेना, आणि लग्न ठरलं.

तिचा आवाज घरच्यांच्या यादीत घालायची छाती मला अजून झालेली नाही. त्यामुळे भांडण झालं की ती अंगणात उभी राहून “जातो मी!” म्हणते, फाटक तत्परतेने उघडतं, आणि मी “थांब, थांब!” करत तिच्यामागे धावतो. फाटक काही लागत नाही. ‘थांब’ ऐकल्यावर काय करायचं, हे मी अचूक लिहिणाऱ्याने लिहिलेलंच नाही! (आणि लिहिलं असतं तरी माझा आवाज घरच्यांचाच.)